पॅक्स-५ काढलेला उंदीर: सीडी१९ दिसत नाही म्हणजे बी पेशी नाहीत, असं म्हणता येईल का?

मज्जाच_मज्जा

बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) घडवणाऱ्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरांबद्दल, म्हणजे जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांबद्दल, इथे सुटंसुटं बरंच लिहिलं गेलंय, त्यांतल्या पॅक्स-५ वर स्वतंत्र धागा मात्र नाही. म्हणून हा.

आधी थोडी पार्श्वभूमी. पॅक्स-५ हे जनुक उंदरात चौथ्या गुणसूत्रावर असतं आणि माणसात नवव्या. त्याचं प्रथिन ३९१ अमिनो आम्लांचं, डीएनए पकडणारा पेअर्ड डोमेन पुढच्या टोकाला. व्हिएन्नाच्या आयएमपी संस्थेत माइनराड बुसलिंगर यांच्या गटानं १९९४ मध्ये हे जनुक मोडलेला उंदीर केला. पिल्लं जन्मतात, पण खुरटी राहतात आणि बहुतेक तीन आठवड्यांत मरतात. मध्यमेंदूचा मागचा भाग नीट घडत नाही. अस्थिमज्जेत बी पेशी प्रो-बी या सुरुवातीच्या टप्प्यावर अडकतात, पुढे एकही जात नाही.

हे पाठ्यपुस्तकात असतंच. खरी गंमत १९९९ ची आहे. बुसलिंगर आणि बाझलचे अँटोनियस रोलिंक यांच्या गटांनी दाखवलं की या अडकलेल्या प्रो-बी पेशी बी पेशी व्हायच्या थांबल्या असल्या तरी बाकीचे रस्ते त्यांना मोकळे आहेत. कल्चरमध्ये प्रो-बी पेशींना जगवणारं आयएल-७ हे वाढीचं प्रथिन काढून त्याजागी एम-सीएसएफ दिलं की मॅक्रोफेज, जीएम-सीएसएफ दिलं की डेन्ड्रिटिक, आयएल-२ दिलं की एनके (नॅचरल किलर) पेशी. रॅग-२ नसलेल्या, म्हणजे स्वतःच्या बी-टी पेशी नसलेल्या उंदरात टोचल्या तर थायमसमध्ये जाऊन टी पेशी. म्हणजे पॅक्स-५ बी पेशींची जनुकं चालू करतं, तसं दुसऱ्या वंशांची जनुकं बंदही ठेवतं. मला हे दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं.

चर्चेसाठी तीन प्रश्न:

१. फ्लॉक्स केलेलं पॅक्स-५ (क्रे या एन्झाइमनं कापता यावं म्हणून दोन्ही बाजूंना खुणा घातलेलं) आणि सीडी१९-क्रे (सीडी१९ च्या जागी बसवलेला क्रे) अशी जोडी घेतली की मज्जेत बी२२० असलेल्या पण सीडी१९ नसलेल्या पेशी वाढलेल्या दिसतात. (दोन्ही पेशीच्या पृष्ठभागावरची, बी पेशी ओळखायची प्रथिनं.) त्यातल्या किती खरोखर पॅक्स-५ गमावलेल्या असतात?

२. प्रो-बी पासून मॅक्रोफेज झाले हे सिद्ध कसं करायचं? मूळ कल्चरमध्येच चार मॅक्रोफेज चुकून आले नव्हते कशावरून?

३. क्रे कोणता घ्यावा?

गेटकीपर

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर शीर्षकातच आहे. सीडी१९ हे पॅक्स-५ चं थेट लक्ष्य. सीडी१९ च्या प्रमोटरवर पॅक्स-५ बसल्याशिवाय ते जनुक चालत नाही. म्हणजे ज्या खुणेवरून आपण बी पेशी मोजतो ती खूणच आपण मोडलेल्या जनुकाच्या हाताखालची. सीडी१९ शून्य आलं म्हणून "बी वंश नाहीसा झाला" असं लिहिलेले पोस्टर अजून दिसतात. नुसत्या सीडी१९ वरून तसं म्हणता येत नाही.

खूण निवडताना कुठली पॅक्स-५ वर अवलंबून आहे आणि कुठली नाही, हे आधी लिहून काढावं. अवलंबून असलेल्या: सीडी१९ पूर्ण, सीडी७९ए म्हणजे एमबी-१ बऱ्याच प्रमाणात, पेशीच्या आतलं बीएलएनके. अवलंबून नसलेल्या: बी२२०, सीडी४३, सी-किट, सीडी२४, आयएल-७ रिसेप्टर म्हणजे सीडी१२७, शिवाय लॅम्डा-५ आणि व्हीप्री-बी. शेवटच्या दोन्ही ई२ए आणि ईबीएफ१ या दुसऱ्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरांच्या जोरावर चालतात.

आता बी२२० ची अडचण. हे फक्त बी वंशावर नसतं. प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रिटिक पेशींवर असतं, काही एनके पेशींवरही असतं. हार्डीच्या वर्गीकरणातला अ गट, म्हणजे बी२२० आणि सीडी४३ आहे पण सीडी२४ व बीपी-१ नाही, तो या भेसळीसाठी बदनामच आहे. साध्या उंदरात ही भेसळ सीडी१९ मुळे बाजूला पडते. पॅक्स-५ नसलेल्या उंदरात ती चाळणीच नसते, त्यामुळे सगळं एका ढिगात येतं.

म्हणून फ्लो सायटोमेट्रीत गेट लावायची, म्हणजे रंगवलेल्या पेशी खुणांवरून टप्प्याटप्प्यानं गाळायची, मांडणी अशी:

आधी मृत पेशी आणि एकमेकींना चिकटलेल्या जोड्या वगळा. मग एक "नकोत" रंग ठेवा, त्यात सीडी३, सीडी११बी, जीआर-१, टर-११९, सीडी४९बी आणि लाय-६सी. सीडी४९बी आणि लाय-६सी विसरू नका, एनके आणि प्लाझ्मासायटॉइड त्यांनीच जातात. उरलेल्यांत बी२२० आणि सीडी४३, त्यात सी-किट आणि सीडी१२७, शेवटी सीडी२४ विरुद्ध सीडी१९. सीडी२४ आहे, सी-किट आहे, सीडी१९ नाही, असा जो पुंजका उरेल तो तुमचा.

सीडी४३ साठी एस-७ क्लोनच घ्या. १बी११ क्लोन वेगळ्या साखरा लागलेलं रूप ओळखतो. प्रो-बी आणि त्यापुढचा प्री-बी टप्पा वेगळे करायला तो उपयोगी नाही. एनके वगळायला पीके१३६ ही अँटिबॉडी वापरत असाल तर उंदराचा वाण पाहा. तो बी-६ मध्ये चालतो, बाल्ब-सी आणि १२९ मध्ये चालत नाही. पॅक्स-५ चे जुने वाण १२९ च्या मिश्र रक्ताचे आहेत, तिथे सीडी४९बी ओळखणारा डीएक्स-५ बरा.

पिपेटवाली

गेटकीपर यांच्या मांडणीला +१. पण गेट लावायच्या आधीच निम्मे लोक पेशी मारून टाकतात. म्हणून मज्जा काढण्याचे तपशील देते.

दोन फीमर, दोन टिबिया. हाडं बर्फावर, पीबीएस अधिक २ टक्के एफबीएस. स्नायू पूर्ण काढा. राहिलेला स्नायू पुढे गाळणी तुंबवतो. सुईनं धुवायचं तर २५ किंवा २६ गेज. लहान पिल्लांची हाडं इतकी मऊ की सुई आरपार जाते, त्यांच्यासाठी सेंट्रिफ्यूजची पद्धत सोपी: ०.५ मिलिच्या नळीच्या बुडाला १८ गेजच्या सुईनं भोक पाडा, एक टोक कापलेलं हाड कापलेली बाजू खाली ठेवून त्यात उभं करा, ती नळी १.५ मिलिच्या नळीत बसवा आणि १०,००० जी ला १५ सेकंद फिरवा. हाड पांढरं दिसलं की मज्जा उतरली.

लाल पेशी फोडायला एसीके द्रावण, १ मिलि, खोलीच्या तापमानाला १ ते २ मिनिटं. घड्याळ लावा. पाच मिनिटं राहिलं तर आधी प्री-बी जातात आणि मग "पॅक्स-५ मुळे प्री-बी कमी" असा निष्कर्ष निघतो. लगेच १० मिलि बफर ओतून थांबवा, ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा.

मृत पेशींचा रंग, म्हणजे फिक्स करता येणारा, प्रथिन नसलेल्या पीबीएसमध्ये लावा. तो अमिनो गटांना चिकटतो. बफरमध्ये सीरम असेल तर सीरमलाच चिकटून संपतो आणि सगळ्या पेशी जिवंत दिसतात. त्यानंतर एफसी ब्लॉक (रंगाच्या अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नयेत म्हणून), २.४जी२ क्लोन, १० मिनिटं. मग २० ते ५० लाख पेशी १०० मायक्रोलिटरमध्ये, बर्फावर, अंधारात, २० ते ३० मिनिटं. बफरमध्ये २ मिलिमोलर ईडीटीए असलं की गुठळ्या कमी होतात.

खुद्द पॅक्स-५ चं प्रथिन रंगवायचं असेल (१एच९ क्लोन चालतो) तर साधं सॅपोनिन पुरत नाही, प्रथिन केंद्रकात आहे. फॉक्सपी३ साठी मिळतो तो फिक्स-पर्म संच घ्या. पृष्ठभागावरचे रंग आधी लावा. पीई-साय७ सारखे जोड-रंग फिक्स केल्यावर तुटतात आणि पीईच्या खान्यात खोटा उजेड पाडतात, म्हणून महत्त्वाची खूण त्या रंगावर ठेवू नका. तुलनेला दोन गोष्टी हव्यातच: पॅक्स-५ वगळून बाकी सगळे रंग लावलेली नळी, आणि त्याच नमुन्यातल्या टी पेशी. टी पेशींत पॅक्स-५ नसतं, ती तुमची शून्याची रेघ.

शंकेखोर

गेट कितीही नीट लावा, सीडी१९-क्रे वर माझा भरवसा कमी आहे. कारणं दोन.

एक, तो मज्जेत पूर्ण कापतच नाही. १९९७ मध्ये हा वाण आला तेव्हाच नोंद होती: मज्जेतल्या प्री-बी पेशींत ७५ ते ८० टक्के, प्लीहेत ९० ते ९५ टक्के. म्हणजे मज्जेत पाचातली एक पेशी सुटते.

दोन, इथे क्रे सीडी१९ च्या प्रमोटरवर चालतो आणि तो प्रमोटर पॅक्स-५ वर. पॅक्स-५ कापलं की क्रेचाही पुरवठा थांबतो. एक प्रत कापून दुसरी तशीच राहिलेल्या पेशी मग जगतात, वाढतात आणि कापल्या गेलेल्यांना मागे टाकतात. चार आठवड्यांनी प्लीहेत ज्या छान गोजिऱ्या सीडी१९ पेशी दिसतात त्यांतल्या बऱ्याच सुटलेल्या असतात.

मज्जाच_मज्जा

मग एमबी१-क्रे?

शंकेखोर

तो लवकर आणि जोरात कापतो, पण इतका लवकर की जवळजवळ मूळ नॉकआउटसारखंच, म्हणजे जन्मापासून जनुक मोडलेल्या उंदरासारखंच चित्र मिळतं. "आधीच ठरलेल्या बी पेशीतून पॅक्स-५ काढलं तर काय" हा प्रश्न त्यानं सुटत नाही. शिवाय अधूनमधून तो बीजपेशींतही कापतो. पिल्लाच्या शेपटीच्या डीएनएत कापलेल्या प्रतीची पट्टी दिसली तर ते पिल्लू बाद. ही पीसीआर दर पिढीला करा, एकदा करून भागत नाही.

सीडी१९-क्रे वापरायचाच असेल तर पॅक्स-५ ची एक प्रत फ्लॉक्स आणि दुसरी आधीच मोडलेली, असा उंदीर घ्या. एकच घाव पुरतो. सेसार कोबालेडा आणि बुसलिंगर यांचं २००७ चं काम याच मांडणीवर उभं आहे. मात्र तुलनेचा उंदीर साधा घेऊ नका. क्रे असलेला, एक प्रत मोडलेला आणि दुसरी प्रत साधी, असा घ्या. नाहीतर एक प्रत कमी असण्याचा परिणाम आणि दोन्ही नसण्याचा परिणाम एकमेकांत मिसळतात. सीडी१९-क्रे स्वतः नेहमी एकाच प्रतीत ठेवायचा. दोन्ही प्रतींत गेला की सीडी१९ च मोडतं, कारण क्रे त्याच जनुकात घातलेला आहे.

बोरीबंदर

वेळ आपल्या हातात हवी असेल तर रोझा-२६ वरचा क्रे-ईआरटी२, जो टॅमॉक्सिफेन दिल्यावरच केंद्रकात शिरून कापतो. टॅमॉक्सिफेन मक्याच्या तेलात २० मिलिग्रॅम प्रति मिलि, उंदराच्या वजनाच्या किलोमागे ७५ ते १०० मिलिग्रॅम, पोटात, पाच दिवस. विरघळायला वेळ लागतो: ३७ अंशाला, अंधारात, रात्रभर हलवत ठेवा. खाली पांढरी पूड दिसत असेल तर डोस कमीच गेला म्हणा.

इथे एक फसगत होते. क्रे केंद्रकात शिरला की डीएनएला थोडी इजा करतोच, आणि भराभर विभागणाऱ्या प्रो-बी, प्री-बी पेशी त्यात मरतात. म्हणून "टॅमॉक्सिफेन दिलेला, क्रे असलेला, फ्लॉक्स नसलेला" उंदीर प्रत्येक फेरीत हवा. फक्त तेल दिलेला उंदीर पुरत नाही.

आणि कापलं गेलं की नाही हे पूर्ण मज्जेच्या डीएनएवर पाहू नका. प्रत्येक गेटमधून पेशी वेगळ्या काढून प्रत्येकीवर पीसीआर करा. सगळ्यांची सरासरी काढली तर सुटलेल्या पेशी दिसत नाहीत.

पिंजरेवाला

एक भाबडा प्रश्न. दुसऱ्या मुद्द्यावर कुणी बोललंच नाही. मॅक्रोफेज भेसळीतून आले नाहीत हे कसं कळणार?

गेटकीपर

भाबडा कसला, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

उत्तर जनुकांच्या जुळणीत आहे. प्रो-बी पेशी अँटिबॉडीच्या जड साखळीच्या जनुकात डी आणि जे हे तुकडे कापून जोडते (पुढे त्यांना व्ही हा तिसरा तुकडा जोडला जातो). ही जोडणी कायमची. पेशी पुढे काहीही होवो, डीएनएतला तो व्रण पुसला जात नाही. पॅक्स-५ नसलेल्या प्रो-बी पेशींत डी-जे जोडणी व्यवस्थित होते. म्हणून त्यांच्यापासून झालेल्या मॅक्रोफेजमध्ये ती सापडली पाहिजे. मज्जेतून थेट आलेल्या भेसळीच्या मॅक्रोफेजमध्ये ती नसते.

रीत: बी२२० आहे, सी-किट आहे, अशा पेशी एका खाचेत एक याप्रमाणे ९६ खाचांच्या ताटलीत उतरवा. क्लोन वाढले की प्रत्येकाचा थोडा डीएनए आधीच काढून ठेवा. मग त्याच क्लोनपासून मॅक्रोफेज करा, त्यांचाही डीएनए घ्या. पीसीआरला पुढचा प्रायमर डी तुकड्यांच्या वरच्या बाजूला, मागचा जे-एच३ च्या पलीकडे. डी-जे-एच१, डी-जे-एच२ आणि डी-जे-एच३ अशा वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या येतात. एका पेशीत गुणसूत्राच्या दोनच प्रती, म्हणून एका क्लोनमध्ये जास्तीत जास्त दोन पट्ट्या. तिसरी दिसली तर तो क्लोन एका पेशीचा नाही, टाकून द्या. प्रो-बी आणि मॅक्रोफेज यांच्या पट्ट्या तंतोतंत जुळल्या पाहिजेत. त्यांचा क्रम वाचून घेतलात तर जोडावरची अक्षरंही जुळतील आणि वाद संपेल.

शंकेखोर

मॅक्रोफेजपुरतं हे बरोबर. टी पेशींसाठी पुरत नाही. साध्या उंदराच्या थायमसमध्येही काही पेशींत जड साखळीची डी-जे जोडणी झालेली आढळते, कारण हे तुकडे कापणारी रॅग एन्झाइमं दोन्हीकडे तीच. तेव्हा टी पेशीत डी-जे दिसली म्हणून ती आधी बी होती असं म्हणता येत नाही. व्ही ते डीजे पूर्ण जोडणी आणि त्याहून बळकट म्हणजे हलक्या साखळीची जोडणी दाखवावी लागते. कोबालेडांच्या कामाचं वजन तिथेच आहे. त्यांनी परिपक्व बी पेशींतून पॅक्स-५ काढलं, त्या पेशी मागे सरकून पूर्वज अवस्थेत गेल्या आणि उंदरात टी पेशी झाल्या. त्या टी पेशींत जड आणि हलकी, दोन्ही साखळ्यांची जुळणी सापडली. हलकी साखळी टी वंशात जुळत नाही.

त्याच उंदरांना आक्रमक लिम्फोमाही झाले, हे उत्साहाच्या भरात राहून जातं.

पिपेटवाली

कल्चर करणाऱ्यांसाठी.

प्रो-बी पेशी एसटी२ स्ट्रोमावर (स्ट्रोमा म्हणजे त्यांना आधार देणाऱ्या पेशींचा थर), आयएमडीएम माध्यम, ५० मायक्रोमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, आयएल-७ ५ ते १० नॅनोग्रॅम प्रति मिलि. स्ट्रोमा ३० ग्रे किरणांनी थांबवा. किरण यंत्र नसेल तर मायटोमायसिन-सी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, २ ते ३ तास, मग किमान तीनदा धुवा. मायटोमायसिन थोडं जरी राहिलं तर प्रो-बी पेशी दुसऱ्या दिवशी मरतात आणि दोष आयएल-७ च्या बाटलीवर जातो.

एसटी२ स्वतः एम-सीएसएफ सोडतो. पॅक्स-५ नसलेल्या पेशींवर एम-सीएसएफचा रिसेप्टर उघडा असतो, कारण तो दाबणारं प्रथिनच नाही. म्हणून आयएल-७ कमी पडलं की बाहेरून एम-सीएसएफ न देताही मॅक्रोफेज उगवतात. एम-सीएसएफवरच बोट ठेवायचं असेल तर ओपी९ स्ट्रोमा घ्या. तो ज्या उंदरापासून काढला त्याच्यात एम-सीएसएफ जन्मतःच निकामी आहे. ओपी९ ला अल्फा-एमईएम आणि २० टक्के एफबीएस लागतं, आणि तो गच्च भरू द्यायचा नाही. भरला की त्याच्या चरबीपेशी होतात, भिंगाखाली तेलाचे थेंब दिसायला लागतात. अशी ताटली फेकून द्या.

मॅक्रोफेज करताना आयएल-७ खरोखर गेलं पाहिजे. पेशी दोन-तीनदा धुवा आणि नव्या स्ट्रोमावर टाका. जुन्यावरच माध्यम बदललं तर थोडं आयएल-७ उरतं आणि निम्म्या पेशी तशाच राहतात. एम-सीएसएफ १० ते २० नॅनोग्रॅम प्रति मिलि. पेशी चिकटल्या, मोठ्या झाल्या, एफ४/८० आणि सीडी११बी आलं, बी२२० गेलं, आणि मणी गिळतात का तेही पाहिलं, की झालं. साध्या उंदराच्या प्रो-बी पेशी याच परिस्थितीत मरतात, ती तुलना शेजारच्या खाचांत ठेवा.

टी पेशी करायच्या तर ओपी९-डीएल१. त्यावर नॉचचा, म्हणजे पेशीला टी वंशाकडे वळवणाऱ्या रिसेप्टरचा, लिगँड बसवलेला आहे. पॅक्स-५ नॉच१ ला दाबतं, म्हणून साधी प्रो-बी पेशी या स्ट्रोमाकडे दुर्लक्ष करते. पॅक्स-५ नसलेली करत नाही.

उलट तपासही करा: रेट्रोव्हायरसनं पॅक्स-५ परत घाला. मॅक्रोफेजचा रस्ता बंद झाला आणि सीडी१९ आलं, तर परिणाम त्याच जनुकाचा.

बोरीबंदर

पॅक्स-५ चं एक काम अजून कुणी काढलं नाही, ते म्हणजे लांबच्या व्ही तुकड्यांपर्यंत पोचणं. उंदरात जड साखळीचा पट्टा २८ लाख बेस-जोड्यांच्या आसपास लांब आहे. पॅक्स-५ नसताना डी-जे होते, जवळचे व्ही काही प्रमाणात जुळतात, पण दूरचे, मोठ्या जे-५५८ कुटुंबातले, जवळजवळ जुळतच नाहीत. कारण तो पट्टा आक्रसून जवळ येत नाही.

कारणाचा उलगडा २०२० मध्ये बुसलिंगर यांच्याच गटातून झाला. कोहेसिन हे कड्यासारखं प्रथिन डीएनएवरून सरकत फासा मोठा करत जातो, आणि वॅपल नावाचं प्रथिन त्याला सोडवून खाली उतरवतं. पॅक्स-५ वॅपलचं जनुक दाबतं. वॅपल कमी, म्हणून कोहेसिन जास्त वेळ टिकतो, फासा पूर्ण पट्ट्यावर पसरतो आणि शेवटचा व्हीसुद्धा डीजेपाशी येतो. एका प्रथिनाचा डोस थोडा कमी करून अख्ख्या गुणसूत्राची घडी बदलायची!

प्रयोगाच्या दृष्टीनं: जुळणी तपासताना फक्त जवळच्या व्हीचे, म्हणजे ७१८३ कुटुंबाचे प्रायमर वापरले तर नॉकआउटमध्ये दोष सौम्य वाटतो. जे-५५८ चे प्रायमर सोबत हवेतच. डीएनएच्या पातळ्या प्रत्येकी पाचपट पातळ करून किमान तीन लावा, एकाच पातळीवर पीसीआर भरून जातो आणि फरक मिटतो.

आणि कुणी विचारायच्या आधी: तयार जोडलेली जड साखळी ट्रान्सजीन म्हणून दिली तरी पेशी पुढे सरकत नाहीत. अडथळा फक्त जुळणीचा नाही. प्री-बी रिसेप्टरचा निरोप आत पोचवणारी माणसं, बीएलएनके वगैरे, तीही गैरहजर असतात.

शंकेखोर

सगळं श्रेय पॅक्स-५ ला द्यायला मी तयार नाही. ईबीएफ१ वरचं काम पाहा. पॅक्स-५ नसलेल्या पूर्वज पेशींत ईबीएफ१ जास्त प्रमाणात घातलं तर मायलॉइड रस्ता पॅक्स-५ शिवायही अडतो. आणि २०१३ मध्ये रुडॉल्फ ग्रोशेडल यांच्या गटानं दाखवलं की ठरलेल्या प्रो-बी पेशीतून ईबीएफ१ काढलं तर तीही वंश बदलते, टी आणि जन्मजात लिम्फॉइड पेशींकडे जाते.

मज्जाच_मज्जा

मान्य. पण दोघं एकमेकांना चालू ठेवतात, ईबीएफ१ पॅक्स-५ ला आणि पॅक्स-५ परत ईबीएफ१ ला. त्यामुळे एक काढल्यावर दुसऱ्याची पातळी मोजल्याशिवाय श्रेय कुणालाच देता येत नाही. ईबीएफ१ काढलेल्या पेशींत पॅक्स-५ किती दिवस टिकतं, हे दिवसागणिक मोजलेलं हवं. शेवटच्या दिवसाची एक पट्टी काही सांगत नाही.

टी पेशींच्या बाजूला हीच भूमिका बीसीएल११बी या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरची आहे. ते काढलं की विकसित होणाऱ्या टी पेशी एनकेसारख्या होतात. २०१० मध्ये तीन गटांनी एकाच वेळी हे छापलं. त्यावर वेगळा धागा काढूया.

पिंजरेवाला

माणसांत याचा संबंध कुठे लागतो? मुंबईत सीडी१९ वर चालणारी कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच टी पेशी बदलून कर्करोगावर सोडायची) आहे, तिचा या सगळ्याशी काही दुवा?

गेटकीपर

आहे, दोन ठिकाणी.

पहिला: मुलांच्या बी वंशाच्या तीव्र ल्युकेमियात सुमारे ३० टक्के रुग्णांच्या पेशींत पॅक्स-५ मध्ये काहीतरी बिघाड सापडतो, हे २००७ पासून माहीत आहे. बहुतेक वेळा एकच प्रत गेलेली असते, म्हणजे पातळी कमी होते, शून्य होत नाही. म्हणून त्या पेशींवर सीडी१९ टिकून असतं. उंदरात आरएनएआय वापरून पॅक्स-५ दाबून केलेल्या ल्युकेमियात ते पुन्हा चालू केलं, तर पेशी अडकलेल्या टप्प्यातून पुढे परिपक्व होऊ लागतात आणि रोग ओसरतो.

दुसरा: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेली नेक्सकार१९, जिला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मंजुरी मिळाली, ती सीडी१९ लाच लक्ष्य करते. सीडी१९ वरच्या कोणत्याही कार-टी नंतर रोग सीडी१९ शिवाय परत येऊ शकतो. बहुतेकदा सीडी१९ च्याच जनुकात बदल होतो किंवा त्याचं स्प्लायसिंग बदलतं. पण केएमटी२ए या जनुकाची जोडणी बिघडलेल्या ल्युकेमियात काही वेळा पेशी वंशच बदलून मायलॉइड होतात. त्यामुळे अशा रुग्णात रोग परतला का पाहताना नुसतं सीडी१९ चं गेट लावलं, तर रोग गेटबाहेर उभा असतो. नॉकआउट उंदराच्या मज्जेत होते तीच चूक. नेक्सकार१९ माणसाचं सीडी१९ ओळखते, तेव्हा तिचा या उंदरांवर थेट प्रयोग होत नाही, हे उगाच गैरसमज नको म्हणून.

पिंजरेवाला

धन्यवाद. आता माझ्या हद्दीतलं सांगतो. पॅक्स-५ ची एक प्रत असलेले उंदीर एसपीएफ म्हणजे ठरावीक रोगजंतूमुक्त खोलीत सहसा निरोगी राहतात. तेच साध्या, जंतू असलेल्या खोलीत हलवले तर त्यातल्या काहींना बी ल्युकेमिया होतो. हे २०१५ मध्ये स्पेनमधल्या गटानं दाखवलं. म्हणून दोन इमारतींतल्या उंदरांची तुलना करू नका, आणि खोलीचा आरोग्य-अहवाल निकालांसोबत जोडा. मध्येच पिनवर्म किंवा नोरोव्हायरस निघाला तर त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे उंदीर एका आलेखात घालू नयेत.

मज्जाच_मज्जा

याच धाग्यात प्राण्यांची संख्या कशी ठरवायची तेही सांगा ना. प्राणीप्रयोगाच्या परवानगीचा फॉर्म बी भरताना तिथेच अडतं.

पिंजरेवाला

पूर्ण नॉकआउटसाठी दोन्ही पालक एक-एक प्रत मोडलेले. चारातलं एक पिल्लू हवं तसं. २४ पिल्लांत सरासरी ६ येतील, पण प्रत्यक्षात ३ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता साधारण ११ ते १२ टक्के. चारच हवे असतील तर १६ पिल्लांवर हिशेब मांडू नका, २४ धरा. शिवाय नॉकआउट पिल्लं लहान असतात, मोठी भावंडं त्यांना आचळापर्यंत पोचू देत नाहीत. जीनोटाइप लवकर करून भावंडं कमी केली तर ती दोन आठवडे सहज काढतात, आणि मज्जा तेव्हाच घ्यावी. तीन आठवड्यांची वाट पाहू नका. गर्भाच्या यकृतातून काढायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, तिथे अडथळा आणखी आधी आहे, बी२२० असलेल्या पेशीच मिळत नाहीत.

सीसीएसईए या प्राणीप्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीकडे जाणाऱ्या अर्जात फक्त वापरायची पिल्लं लिहिली की समिती परत पाठवते. वापरायची पिल्लं, प्रजननाच्या जोड्या, जीनोटाइपनंतर बाद होणारी भावंडं आणि तुलनेची पिल्लं हे चारही आकडे वेगळे लिहा. आणि बाद होणाऱ्यांतली एक प्रत असलेली पिल्लं पुढच्या जोड्यांसाठी ठेवणार असाल तर तेही तिथेच नोंदवा, नाहीतर तीच पिल्लं दोनदा मोजली जातात.